वसई कशाने पडली?

वसईच्या मोहिमेविषयी विद्यार्थ्यांना विचारावे, तर बहुतेकांना एकच गोष्ट ठाऊक असते. किल्ला हाती येईना, तेव्हा चिमाजीअप्पांनी आपले मस्तक तरी तोफेने आत उडवा, असे सरदारांना बजावले. आख्यायिका रोमहर्षक आहे खरी. परंतु तिच्या तेजात वसईचा खरा पराक्रम झाकोळला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

उल्हास नदीच्या मुखावरील हे बंदर पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळविले आणि पुढे त्याभोवती बळकट तट उभारला. समुद्र, खाडी आणि दलदल यांनी ते वेढलेले. जमिनीवरून हल्ला करावयाचा तो उत्तरेकडूनच. शहराला मुख्य दरवाजे दोन, एक जमिनीकडचा आणि एक समुद्राकडचा. समुद्राकडून रसद व कुमक येत आहे तोवर जमिनीकडच्या दरवाजावर कितीही मस्तके आपटली, तरी ती व्यर्थच. १७३७ मध्ये ठाणे घेऊनही मराठ्यांना वसई घेता आली नाही.

ही कुमक धाडणार कोण? अर्थात गोवा. म्हणून १७३९ च्या जानेवारीत उत्तर कोकणात तारापूरसारखी ठाणी पडत असतानाच, व्यंकटराव घोरपडे व दादाजीराव भावे यांची फौज आमच्या सासष्टीत उतरली, मडगावात शिरली आणि तिने राशोलच्या किल्ल्याला वेढा घातला. गोवा स्वतःच्याच रक्षणात गुंतून पडला. (त्या स्वारीची झळ सासष्टीच्या रयतेला लागली, हे आपण गोवेकरांनी विजयाच्या भरात विसरू नये.) मुंबईकर इंग्रजांकडे वसईने हात पसरला, तेव्हा त्या व्यवहारी शेजाऱ्यांनी चर्चमधील चांदी व तोफा तारण घेऊन थोडे कर्ज तेवढे दिले! मला तर वाटते, वसई निम्मी पडली ती मडगावातच.

उरलेले निम्मे काम सुरुंग खणणाऱ्यांनी केले. तटावरून गोळ्या व पेटते पदार्थ अंगावर येत असता त्यांनी बुरुजांखाली भुयारे नेली. मे महिन्यात सुरुंग उडाले, सेबास्त्यांव बुरुजाला खिंडार पडले. परंतु काही सुरुंग वेळेवर न उडाल्याने चढणारी आपलीच माणसे दगडांखाली गाडली गेली. मराठ्यांची हानी हजारांत मोजावी लागली. या माणसांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत नाहीत. निदान त्यांचे काम तरी असावे.

१६ मे १७३९ रोजी तह झाला. एवढे रक्त सांडल्यावरही चिमाजीअप्पांनी शरण आलेल्या शिबंदीस आठवड्याची मुदत दिली. ती शस्त्रांसह, वाद्ये वाजवीत बाहेर पडली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस धर्मपालनाची मोकळीक मिळाली. ज्या वर्गात एकाच बाकावर दोन्ही धर्मांची मुले बसतात, तेथे मस्तकाच्या आख्यायिकेपेक्षा ही कलमे मी आधी शिकवीन.

वसईच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा त्यांपैकीच मानली जाते. किल्ला मात्र १७८० मध्ये इंग्रजांनी जिंकला, तो सालबाईच्या तहाने परत आला. आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत थोरल्या बाजीरावांचे नातू दुसरे बाजीराव यांनी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली.