उतारावरचा राग

‘काय करणार, रागच आवरत नाही!’ हे वाक्य आमच्या कचेऱ्यांत, शाळांत, दवाखान्यांत आणि स्वयंपाकघरांत नित्य कानी पडते. या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे. राग म्हणजे जणू नदीचा पूर. तो आला की माणसाचा इलाज चालत नाही, असे ते गृहीत होय. हे कितपत खरे आहे? हाताखालच्या कारकुनावर आवाज चढविल्यावाचून ज्या गृहस्थास राहवत नाही, तोच गृहस्थ त्याच दिवशी, त्याच प्रकरणी, वरिष्ठाने बोल लाविले असता ‘होय साहेब’ म्हणून मान लववितो. राग दोन्ही वेळी सारखाच येतो. एके ठिकाणी तो निमूटपणे आवरला जातो आणि दुसरीकडे अनावर होतो. तेव्हा आवरण्याची शक्ती नाही, असे काही म्हणता येत नाही. एके ठिकाणी आवरण्याची गरज भासते व दुसरीकडे भासत नाही, इतकाच काय तो भेद.

हा भेद तमिळ देशातील एका कवीने फार पूर्वीच हेरून ठेविला आहे. तिरुवळ्ळुवर हे त्या कवीचे नाव आणि ‘तिरुक्कुरळ’ हा त्याचा ग्रंथ. कवीच्या काळाविषयी विद्वानांत मोठा मतभेद आहे. परंपरा त्यास मैलापूरचा विणकर मानते. ग्रंथाची रचना मात्र मोठी रेखीव आहे. एकंदर १३३ प्रकरणे, प्रत्येक प्रकरणात १० द्विपदी, म्हणजे सर्व मिळून १३३० द्विपदी. त्यांपैकी ३८ प्रकरणे धर्मावर, ७० अर्थावर आणि २५ प्रेमावर आहेत. कन्याकुमारीच्या समुद्रात खडकावर १ जानेवारी २००० रोजी या कवीचा जो पाषाणपुतळा उभा राहिला, त्याची पीठासह उंचीही १३३ फूट ठेविली आहे, ती या प्रकरणसंख्येवरूनच.

मराठी वाचकांस हा ग्रंथ अगदीच परका नाही. १९३० च्या सत्याग्रहात शिक्षा झालेल्या साने गुरुजींस त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेविले होते. तेथे दाक्षिणात्य सोबत्यांच्या सहवासात त्यांस या ग्रंथाची गोडी लागली व त्यांनी तो मराठीत आणिला. तथापि आमची दृष्टी नीतिवचनांसाठी संस्कृताकडे आणि आपल्या संतांकडे जितकी सहज वळते, तितकी ती कृष्णा-कावेरीपलीकडे वळत नाही. म्हणून या महिन्यात आम्ही वाचकांस त्या बाजूस नेऊ इच्छितो. आणि तेही केवळ ग्रंथपरिचयासाठी नव्हे, तर नित्याच्या एका दुखण्यावर औषध मिळते काय, हे पाहण्यासाठी.

कुरळचे ३१ वे प्रकरण अक्रोधावर आहे. त्याच्या आरंभीच कवीने जी कसोटी लाविली आहे, ती विलक्षण आहे. त्याचा आशय असा की, जेथे आपला राग चालू शकतो तेथे जो तो आवरतो, त्यानेच राग आवरला असे समजावे. जेथे तो चालणारच नाही, तेथे आवरला काय आणि न आवरला काय, सारखेच. वरिष्ठापुढे गिळलेला राग हा या कसोटीने संयमाच्या खात्यावर जमाच होत नाही. तो भीतीच्या किंवा हिशेबीपणाच्या खात्यावर जातो. संयमाची परीक्षा शिपायापुढे, शिकाऊ मुलापुढे, मोलकरणीपुढे, धाकट्या सुनेपुढे होते. ज्यास उलट उत्तर करता येत नाही अशा प्रत्येक माणसापुढे होते. ही कसोटी एकदा ध्यानात आली, म्हणजे ‘आवरत नाही’ या सबबीस जागाच उरत नाही.

राग उताराने वाहतो. वरिष्ठाकडून दुय्यमाकडे, दुय्यमाकडून कारकुनाकडे, कारकुनाकडून त्याच्या घरी, आणि घरातही मोठ्याकडून लहानाकडे. वाटेत प्रत्येकजण आपल्या वाट्याचे ओझे खाली लोटून मोकळा होतो. परंतु या उतरणीस कोठेतरी तळ असतोच. तेथे उभे असलेल्या माणसास खाली लोटण्यास कोणी उरत नाही. ज्याचा मूळ प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही, असे एखादे पोर रात्री जेवता जेवता उगाच मार खाते आणि आपण काय केले हे त्यास कळतही नाही. रागाचा खरा हिशेब मांडावयाचा तर या तळापासून मांडिला पाहिजे.

तिरुवळ्ळुवर मात्र केवळ दयेचे आवाहन करून थांबत नाही. तो व्यवहारी मनुष्य आहे. रागाने आधी राग करणाराचेच नुकसान होते, हे तो पटवून देतो. भूमीवर हात आपटणाराचा नेम कधी चुकत नाही आणि हाताची इजाही कधी चुकत नाही, असा त्याचा दृष्टांत आहे. दुसऱ्या एका स्थळी तो रागास अग्नीची उपमा देतो; आप्तस्वकीयांची जी नौका माणसास तारून नेते, तीच हा अग्नी जाळून टाकितो. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस या दृष्टांताचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाही. आजारपणात, लग्नकार्यात, अडीअडचणीत जी माणसे धावून यावयाची, तीच रागाच्या झळीने दूर जातात. आणि नौका जळाली हे पाण्यात पडल्यावाचून कळत नाही.

येथे एक आक्षेप निघेल व तो रास्त आहे. कोणी म्हणेल, ‘हे सारे संन्याशास ठीक. ज्यास दहा माणसांकडून काम करून घ्यावयाचे आहे, त्याने आवाज चढविला नाही तर काम होईल कसे?’ कुरळच्या रचनेतच या आक्षेपाचे उत्तर सापडते. अक्रोधाचे प्रकरण कवीने संन्यासधर्माच्या विभागात घातले आहे. गृहस्थाश्रमाच्या विभागात त्याने क्षमेचे, म्हणजे दुसऱ्याचे उणे सोसण्याचे, १६ वे प्रकरण ठेविले आहे. आणि राज्यकारभाराच्या विभागात, जेथे माणसांस कामास लावावयाचे असते तेथे, ५७ व्या प्रकरणात तो दहशतीने वागू नये असे सांगतो. तेथेही शिक्षाच करू नये, असे तो म्हणत नाही. अपराधाची नीट चौकशी व्हावी, तो पुन्हा घडू नये इतपत शासन व्हावे, आणि उगारलेला हात जोराचा दिसला तरी पडावा हलका, असे त्याचे मत आहे. कामात कसूर झाली असता ती स्पष्ट शब्दांत दाखवून देणे हे वरिष्ठाचे कर्तव्यच आहे. परंतु कसूर दाखविणे निराळे आणि माणूस पायदळी तुडविणे निराळे. पहिल्याने काम सुधारते. दुसऱ्याने केवळ बोलणाराचा ताप उतरतो.

याहून मोलाची गोष्ट त्याच्या ५१ व्या व ५२ व्या प्रकरणांत आहे. माणसे पारखावी कशी आणि पारखल्यावर कामास लावावी कशी, हा त्यांचा विषय. कवीचे म्हणणे असे की, अमुक काम अमुक साधनांनी अमुक मनुष्य पुरे करील, याचा आधी पुरता विचार करावा आणि मग ते काम त्याच्यावर सोडून द्यावे. पारखल्यावाचून विश्वास टाकणे आणि विश्वास टाकल्यावर संशय घेणे, ही दोन्ही न संपणाऱ्या दुःखाची कारणे आहेत, असेही तो बजावतो. ही दोन प्रकरणे अक्रोधाच्या प्रकरणाशेजारी ठेवून वाचिली, म्हणजे आमच्या कचेऱ्यांतील रागाचे मूळ पुष्कळदा कोठे असते, ते दिसू लागते.

समजा, मार्चअखेरच्या हिशेबाचे काम आहे. अधिकाऱ्याने ते नव्या कारकुनाकडे लोटून दिले. त्याने असे काम पूर्वी केले आहे काय, हे विचारिले नाही. जुनी वही दाखविली नाही. दुपारी एकदा डोकावून पाहिले नाही. सायंकाळी रकमा जुळेनात, तेव्हा साहेबांचा पारा चढला आणि सर्वांसमक्ष त्या मुलाचा उद्धार झाला. हल्ली तर मोबाईलवरील कचेरीच्या गटात चाळीस माणसांदेखत तो होतो, आणि लिहिलेले शब्द दुसऱ्या दिवशीही पुसले जात नाहीत. येथे चूक कारकुनाची खरी. परंतु सकाळी जो विचार करावयाचा तो अधिकाऱ्याने केला नव्हता, आणि सायंकाळचा संताप हे त्या न केलेल्या विचाराचे व्याज होते. ते भरले मात्र दुसऱ्याने. आमच्या मते कामाच्या ठिकाणचा निदान अर्धा राग हा या जातीचा असतो. तो आवरण्यास मनोनिग्रहापेक्षा सकाळची दहा मिनिटे अधिक उपयोगी पडतील.

रागाचा आणखी एक तोटा असा की, तो खबर बंद करितो. ज्या साहेबाच्या खोलीत चूक सांगणाराचीच धिंड निघते, त्या खोलीत चूक कोणी सांगत नाही. हिशेबातील फरक, यंत्रातील बिघाड, गिऱ्हाइकाची नाराजी, सारे काही झाकून ठेविले जाते, आणि अखेर फुटते तेव्हा त्यास उपाय उरलेला नसतो. तिरुवळ्ळुवर म्हणतो की, ज्या राजास खडसावून सांगणारा कोणी जवळ नाही, त्याचा नाश करण्यास शत्रूची आवश्यकता नसते. कानास कडू लागणारे शब्द सोसणे हा तो राजाचा गुण मानितो. आणि ज्याची भेट दुर्लभ व ज्याची मुद्रा सदा त्रासिक, त्याच्या वैभवास तो भुताच्या नजरेखाली असलेल्या धनाची उपमा देतो.

त्याच तमिळ देशातील एक अलीकडचा प्रसंग या संदर्भात आठवण्याजोगा आहे. मद्रासच्या पेरंबूर भागात बकिंगहॅम आणि कर्नाटिक या मोठ्या कापडगिरण्या होत्या. दुपारच्या जेवणास मिळणारी सुट्टी अपुरी आणि वरिष्ठांची वागणूक अपमानाची, अशी तेथील कामगारांची गाऱ्हाणी होती. ती त्यांनी आरंभी सांगितली कोठे? धार्मिक प्रवचनांसाठी भरणाऱ्या एका सभेच्या चालकांपाशी! सेल्वपती चेट्टियार आणि रामानुजुलु नायडू हे ते चालक. त्यांनी बी. पी. वाडिया यांस गाठिले, आणि एप्रिल १९१८ मध्ये ‘मद्रास लेबर युनियन’ स्थापन झाली. देशातील अगदी पहिल्या संघटित कामगारसंघांत तिची गणना होते. पुढे संप झाले, टाळेबंदी झाली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. या झगड्यास पगाराची व पोटाची कारणे होतीच. सारा दोष रागावर लोटणे योग्य होणार नाही. परंतु ज्या माणसांची तक्रार मालकाच्या दारात पोहोचावयाची, ती प्रवचनाच्या जागी जाऊन बोलू लागतात, यात वरिष्ठांच्या बंद कानांची साक्ष आहे. आत ऐकणारा नसला म्हणजे बोलणे बाहेर जाते.

आणि कचेरीस जे लागू, ते घरास लागू नाही काय? घर हेही कामाचे ठिकाणच आहे. तेथे कोणी काम सांगणारे आहेत व कोणी करणारे आहेत; वडीलधाऱ्यांचा अधिकार आहे आणि तो असावाही. मात्र ज्या घरात आजोबांच्या नाहीतर सासूबाईंच्या रागाचा धाक इतका आहे की, मुलगा परीक्षेतील अपयश लपवितो, सून आपले दुखणे अंगावर काढिते आणि भांडी घासणारी बाई फुटलेली कपबशी कचऱ्यात पुरून टाकिते, त्या घरातील वडिलांस आपले घर शिस्तीचे आहे, असे वाटत असते. वास्तविक त्या घरात त्यांस कोणी काही सांगेनासे झाले आहे. दुखणे वाढल्यावर मग ‘आधी का नाही सांगितलेस?’ हा प्रश्न निघतो, आणि त्याचे उत्तर घरातील सर्वांस ठाऊक असूनही कोणी देत नाही.

यावर उपाय म्हणून आम्ही मोठे व्रत सांगत नाही. राग मुळीच येऊ नये, ही संन्याशाची पायरी आहे व ती तिरुवळ्ळुवरानेही त्यासच नेमून दिली आहे. गृहस्थाने इतके करावे: तोंड उघडण्यापूर्वी, समोरचा मनुष्य आपला वरिष्ठ असता तर आपण हीच गोष्ट कोणत्या शब्दांत सांगितली असती, याचा क्षणभर विचार करावा आणि तेच शब्द वापरावे. ते शब्द आपणांस येत असतात. रोज वरच्यांशी बोलताना आपण ते वापरीतच असतो. बोल लावण्यापूर्वी, काम सोपविताना आपण काय सांगितले व काय सांगावयाचे राहिले, हे आठवावे. आणि कचेरीत एकास व घरात एकास, ‘तुम्ही आज अधिक बोललात’ असे आपणांस सांगण्याची मोकळीक मनापासून द्यावी.

यांतील शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण अशी मोकळीक तोंडाने देता येते, परंतु तिची खात्री समोरच्यास पटावी लागते. ज्या दिवशी घरातील सर्वांत धाकटे माणूस न भिता तसे बोलून दाखवील आणि वडीलधारे ते ऐकून घेतील, त्या दिवशी घरातील राग आवरला गेला, असे खुशाल समजावे.