मेहेरबानी नको, कारण द्या

निवडणुकीची आचारसंहिता लागली की पेडणे-डिचोलीत पहिला बडगा बसतो तो शेतकऱ्याच्या बंदुकीला. भिंतीवरची बंदूक उतरवायची, नळी तेलाच्या चिंधीने पुसायची, गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात न्यायची आणि पावती खिशात घालून परत यायचं. 2024 ची लोकसभा निवडणूक आठवा. आचारसंहिता 16 मार्चला लागली, गोव्यातलं मतदान 7 मे रोजी झालं, निकाल 4 जूनला लागला. ज्याची बंदूक जमा झाली त्याचा काजूचा हंगाम त्यात गेला आणि वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, कापणीही. रानडुकराला आचारसंहिता लागू होत नाही. बंदूक परत हातात येते तोवर पाऊस तोंडावर आलेला असतो आणि कोंदट खोलीत पडून राहिलेल्या नळीला गंज धरलेला असतो.

हा राग खरा आहे. पण या रागाच्या पाठीवर बसून अलीकडे एक मोठा सिद्धान्त गावात शिरला आहे. सरकारला निःशस्त्र प्रजाच हवी असते. अमेरिकेत बंदूक हा हक्क आहे, आपल्याकडे ती भीक झाली आहे. लोकांच्या हातात हत्यार असलं तरच सत्ता वचकून राहते, असं तो सांगतो. दुसऱ्या बाजूला पणजीच्या दिवाणखान्यांतला सिद्धान्त आहे: शेती राहिली आहेच किती, या बंदुका शिकारीसाठी, सगळे परवाने रद्द करून मोकळं व्हा. मला दोन्ही अमान्य आहेत, पण सारखेच अमान्य नाहीत. पहिल्याशी भांडण जास्त आहे, कारण तो शेतकऱ्याच्या नावाने बोलतो.

पहिला पक्ष हटकून गांधीजींचा दाखला देतो. 1878 च्या शस्त्र कायद्याने अख्ख्या देशाला निःशस्त्र केलं, हे ब्रिटिशांच्या दुष्कृत्यांतलं काळंकुट्ट कृत्य, असं गांधीजींनी म्हटलं होतं, हे खरं आहे. काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावातही नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी याच ठरावाचा आधार घेऊन तो हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. दाखला देणारे कराचीपर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बेकायदा हत्यारांच्या प्रश्नावर बोलताना स्पष्ट केलं की अमेरिकी घटनेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्याकडे कोणालाही नाही. शिवाय गोव्यात उभं राहून 1878 चा कायदा काढणं म्हणजे शेजाऱ्याच्या घराचा इतिहास आपला म्हणून सांगणं. इथे तेव्हा पोर्तुगीज होते.

मग गोव्याचाच इतिहास काढू. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे नव्या काबिजादीतले तालुके. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत ते पोर्तुगीजांकडे गेले. सत्तरीच्या राण्यांनी त्यांच्याविरुद्ध पुन्हा पुन्हा बंड केलं. 1852 मध्ये दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला आणि तीन वर्षं राज्यकर्त्यांच्या नाकी नऊ आणले. 1895 मध्ये मोझांबिकला जायला नकार देणारे मराठा शिपाईच हत्यारं घेऊन बाहेर पडले आणि राणे त्यांना मिळाले. शौर्याबद्दल वाद नाही. पण ही बंडं समेटात किंवा हद्दपारीत संपली आणि पोर्तुगीज राज्य राहिलं ते डिसेंबर 1961 पर्यंत, भारतीय सैन्य येईपर्यंत. मधल्या काळात आझाद गोमंतक दलाने हत्यार उचललं, मोहन रानड्यांनी त्यापायी तेरा-चौदा वर्षं कैदेत काढली. त्यांनी जिल्हाधिकाऱ्याकडे परवान्यासाठी अर्ज केला नव्हता. बंड करणारा परवाना मागत नाही. परवान्याची बंदूक हा बंडाचा कच्चा माल आहे, हे म्हणणं दोन्हींचा अपमान आहे.

आणि ती बंदूक तरी कसली? शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर मुख्यतः ठासणीची बंदूक मिळते. नळीत दारू ओतायची, वर काथ्याचा नाहीतर चिंधीचा बोळा, मग छरे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचं, केप बसवायची. एवढं होईपर्यंत डुक्कर शेजाऱ्याच्या मळ्यात पोचलेलं असतं. हिच्यामुळे मंत्रालय थरथरतं असं ज्यांना वाटतं त्यांनी ती एकदा स्वतः भरून बघावी.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: जुन्या गोव्यात बंदूक कोणाच्या भिंतीवर होती? भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या. कुळाच्या आणि भाटकाराच्या जागेत राहणाऱ्या मुंडकाराच्या झोपडीत ती नव्हती. कुळाला जमीन मिळाली ती 1964 च्या कूळ कायद्याने आणि त्यानंतर 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने. मुंडकाराच्या डोक्यावरचं छप्पर राहिलं ते 1975 च्या कायद्यामुळे. सत्तेला वचक बसवायचा असेल तर डिचोलीकरांना शिकवायला अमेरिकेहून कोणी यायला नको. मये गावात पोर्तुगीज काऊंटची मालमत्ता मुक्तीनंतर ‘कस्टोडियन’कडे गेली, आणि ज्या जमिनीवर आपलं घर उभं आहे ती आपली असल्याचा कागद गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या मिळेना. लोक भांडले, मोर्चे काढले, सरकारं बदलली, तेव्हा 2014 मध्ये कायदा झाला. अंमलबजावणीची रड आहेच. खाणींचं तेच. शिरगाव-मुळगावच्या शेतांत खाणीचा गाळ उतरत होता तेव्हा तो बंदुकीने थांबणारा नव्हता. गोवा फाऊंडेशन या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केली. खाणकंपन्यांकडे काय कमी बळ होतं? हरल्या त्या कागदाला.

कोणी कोडगूचं उदाहरण देतो. कोडवांना शस्त्र कायद्यातून सूट आहे, 2019 मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. पण ती सूट एका समाजाच्या आणि जम्मा जमिनीच्या परंपरेला दिलेली, केंद्राच्या अधिसूचनेने आलेली आणि मुदत असलेली आहे. सरकारच्या शाईने लिहिलेली सूट सरकारविरुद्धच्या हक्काचा पुरावा म्हणून दाखवणं जरा गमतीचंच.

आता माझी बाजू. अमेरिकी धाटणीचा हक्क मागणाऱ्यांनी आपलाच कायदा नीट वाचलेला नाही, ही माझी तक्रार आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 13 सांगतं की नागरिकाला खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर परवाना अधिकारी परवाना देईल. ‘देऊ शकेल’ अशी सवलत तिथे अधिकाऱ्याला ठेवलेली नाही. ठासणीची पुरेशी नाही असं पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. नाकारण्याची कारणं कलम 14 मध्ये आहेत, त्यांत सार्वजनिक शांतता आणि सुरक्षितता हे सर्वांत रुंद. पण त्याच कलमात लिहिलंय की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून परवाना नाकारता येणार नाही. भाटकाराच्या भिंतीवरची बंदूक आठवा आणि हे वाक्य पुन्हा वाचा. नकार दिला तर कारण लेखी नोंदवायचं, मागितलं तर द्यायचं (जनहिताला बाध येत असेल एवढाच अपवाद), आणि वर कलम 18 खाली अपील. 2016 च्या नियमांत पोलीस अहवालाला आणि निर्णयाला मुदतही घातलेली आहे.

म्हणजे परवाना ही जिल्हाधिकाऱ्याची मेहेरबानी कायद्यात नाहीच. ती मेहेरबानी झाली ती आपल्या वागण्यात. जमिनीचा एक-चौदाचा उतारा जोडलेला अर्ज ठाण्यात पडून राहतो, ठाणं मामलेदाराकडे बोट दाखवतं, मामलेदार पणजीकडे, आणि शेतकरी आमदाराकडे जातो. आमदार फोन करतो. काम झालं तर उपकार, नाही झालं तर नशीब. हा फोन म्हणजे खरी गुलामगिरी. ‘कलम 14 खाली माझ्या नकाराचं लेखी कारण द्या’ एवढं एक वाक्य लिहून आवक-जावकचा शिक्का घेणारा माणूस मला दहा बंदुकधाऱ्यांपेक्षा जास्त स्वतंत्र वाटतो.

आता दुसऱ्या पक्षाकडे. परवाने रद्द करा म्हणणाऱ्यांची एक गोष्ट मला मान्य आहे: शेतीसंरक्षणाच्या नावाखाली शिकार होते. डुकराच्या मटणाची चव गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि अंधारात जनावर समजून माणूसच टिपल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत. पण बंदुका काढून घेतल्या तर रान सुरक्षित होईल हे कशावरून? जानेवारी 2020 मध्ये सत्तरीतल्या गोळावलीत वाघीण आणि तिचे तीन बच्चे मेले ते विषाने. फास, विजेची तार, गावठी बॉम्ब यांचा परवाना कोणी काढत नाही आणि त्यांच्यावर नंबर नसतो. परवान्याच्या बंदुकीमागे निदान एक नाव, एक पत्ता आणि ठाण्यातली एक नोंद असते. ती काढून घेऊन शेतकऱ्याला विषाच्या पुडीकडे ढकलायचं असेल तर तसं उघड म्हणा.

खरी गोम पुढेच आहे, आणि तिच्याबद्दल दोन्ही पक्ष गप्प आहेत. शस्त्र कायदा म्हणतो पीक राखायला बंदूक घे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा म्हणतो त्या बंदुकीने डुक्कर मारलंस तर गुन्हा. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतलं तर सद्‌भावनेने मारल्याची मुभा आहे. पिकासाठी मात्र कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याची परवानगी हवी. म्हणजे शेतीसंरक्षणाचा परवाना मिळालेला माणूस कायद्याने फक्त आवाज काढू शकतो. त्यासाठी ॲटमबाँबची माळ स्वस्त पडते. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत तर नव्या परवान्यालाच मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती लागते, आणि म्हादई अभयारण्य डिचोलीच्या पूर्वेकडच्या गावांपासून काही परदेशात नाही.

2016 मध्ये गोवा सरकारने मोरापासून माकडापर्यंत उपद्रवी प्राण्यांची चर्चा सुरू केली आणि देशभर हसं करून घेतलं. तसल्या घोषणांची गरज नव्हती. केरळने 2022 मध्ये रानडुकरांपुरता अधिकार पंचायतीच्या अध्यक्षांकडे दिला: तक्रार आली की नोंदणीकृत परवानाधारकाला बोलवायचं, मारलेलं जनावर पुरून टाकायचं, खायचं नाही. ही शेवटची अट गोव्यात कोणाला आवडणार नाही, म्हणून तीच आधी घालावी. मटण गेलं की कोणाला पीक राखायचं होतं आणि कोणाला चूल पेटवायची होती ते आपोआप निवडून येईल. कोरगावच्या किंवा मयेच्या पंचायतीला हे झेपणार नाही असं मानायला मी तयार नाही. शेतकरी ऊठसूट बंदुकीला हात घालत नाही, हेही दिसलं आहे: 2025 च्या सप्टेंबरात ‘ओंकार’ हत्ती सिंधुदुर्गातून पेडण्यात उतरला, तांबोसे-तोर्सेच्या उभ्या भातात फिरला, तेव्हा कोणा शेतकऱ्याने गोळी मागितली नाही. मागितली भरपाई आणि वन खात्याची माणसं.

राहिला निवडणुकीचा हुकूम. परवानाधारकांच्या बाजूने सांगण्यासारखं सगळ्यात ठोस इथे आहे, आणि ते अमेरिकेतून आणायला नको. सगळ्यांनी सरसकट हत्यारं जमा करावीत या हुकमाला 2009 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान मिळालं. छाननी समिती नेमा, एकेका परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करा, हा त्या निकालाचा गाभा. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या दंगलीत, सापडलेले, यांच्याकडे निवडणूक आयोगाच्या सूचना बोट दाखवतात. वायंगण राखणारा म्हातारा त्यांत कुठे बसतो? तरी हुकमाचा साचा बहुधा उलटाच असतो: आधी सगळ्यांनी जमा करा, सूट हवी असेल त्याने अर्ज करावा. ओझं अधिकाऱ्यावर होतं ते अलगद शेतकऱ्याच्या डोक्यावर येतं. पूर्वीचं कलम 144, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 163. आकडा बदलला, सवय तीच.

2027 च्या सुरुवातीला विधानसभेची निवडणूक आहे, पुन्हा काजूच्या मोहोरात. अजून वेळ आहे. परवानाधारकांनी आताच उत्तर गोव्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागाव्यात: मागच्या निवडणुकीत छाननी समितीच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या, किती जणांचा स्वतंत्र विचार झाला, आणि ज्यांना सूट नाकारली त्यांना कोणतं कारण लेखी दिलं. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोग, आणि बैठकाच झाल्या नसतील तर तोच कागद घेऊन पर्वरीला उच्च न्यायालयात.