डोक्याचे माप

वाचकहो, ज्येष्ठ महिन्यात काशीयात्रेचा योग ज्यांना आला असेल, त्यांना दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्या दुपारी कशा तापतात हे निराळे सांगावयास नको. पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेला असतो आणि पश्चिमेकडून येणारी लू तोंड भाजून काढते. नावाडी मात्र डोक्यास गमछा गुंडाळून शांतपणे वल्ही मारीत असतो. त्याच नावेत बसलेला आपल्याकडचा यात्रेकरू पाहावा. स्टेशनाबाहेर घाईने घेतलेली टोपी एक तर वाऱ्याने उडू नये म्हणून त्याने हाताने दाबून धरलेली असते, नाही तर ती कपाळावर रुतून लाल वळ उठल्यामुळे काढून मांडीवर ठेवलेली असते. दोन्ही परी डोके उघडेच राहते, आणि वृद्धांच्या व मुलांच्या बाबतीत अशा उन्हात डोके उघडे राहणे ही केवळ गैरसोयीची गोष्ट नव्हे.

सदऱ्याचे माप आपणांस पाठ असते, वहाणेचा नंबर तर झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. डोक्याचे माप किती, असे विचारले की शंभरातील नव्वद माणसे गप्प बसतात. वास्तविक हे माप घेण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. शिंप्याची फीत घ्यावी. ती भुवयांच्या किंचित वर, कपाळाच्या मध्यावरून, दोन्ही कानांच्या वरून नेऊन मागे डोक्याचा जो भाग सर्वांत पुढे आलेला असतो त्यावरून फिरवावी. फीत सैल नको आणि आवळलेलीही नको. दोनतीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा धरावा. प्रौढांच्या बाबतीत तो बहुधा ५४ ते ६० सेंटिमीटरांच्या दरम्यान येतो. घरात फीत नसेल तर सुतळी फिरवून ती पट्टीवर मोजावी, मात्र ताणली जाणारी लोकर या कामी घेऊ नये.

या आकड्याला देशोदेशी निरनिराळी नावे आहेत, आणि परदेशी असलेल्या आप्तांकडून टोपी मागविताना येथेच घोटाळा होतो. युरोपात घेराचे सेंटिमीटर हाच नंबर. अमेरिकेत घेर इंचांत घेऊन त्याला ३.१४ ने भागतात, म्हणजे डोके वर्तुळ आहे असे मानून त्याचा व्यास काढतात. इंग्लंडमध्ये त्याहून एक अष्टमांश इंच कमी धरण्याचा रिवाज आहे. त्यामुळे ५७ सेंटिमीटरचे एकच डोके लंडनमध्ये ७ नंबरचे आणि न्यूयॉर्कमध्ये ७⅛ नंबरचे ठरते. आपल्याकडील पांढऱ्या टोपीचा हिशेब सर्वांत सरळ आहे: २२ नंबर म्हणजे २२ इंच घेर. टोपी घडी घालून सपाट ठेवली की तिची लांबी घेराच्या निम्मी, म्हणजे ११ इंच भरावयास हवी. दुकानात फीत नसली तरी ही पडताळणी करता येते. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून कोऱ्या खादीची टोपी अर्धा इंच मोठी घेणे शहाणपणाचे.

या पांढऱ्या टोपीच्या जन्माची कथा काकासाहेब कालेलकरांनी नोंदवून ठेवली आहे. काकासाहेब जन्माने साताऱ्याचे, गांधीजींच्या आश्रमातले. त्यांच्या आठवणीप्रमाणे गांधीजींनी प्रांतोप्रांतीच्या शिरोभूषणांचा एखाद्या परीक्षकासारखा विचार केला होता. पंजाबी फेटा शोभतो खरा, पण कापड फार खातो. पगडी घाम पिऊन बसते आणि मळ दाखवीत नाही. महाराष्ट्रातली हंगेरियन टोपी त्यातल्या त्यात बरी, पण ती फेल्टची. संयुक्त प्रांत व बिहारकडच्या टोप्या तर त्यांच्या मते इतक्या पातळ की त्यांना टोपी म्हणणेच कठीण! अखेर पसंतीस उतरली ती काश्मीरकडची टोपी: हलकी, शिवण्यास सोपी, घडी घालून खिशात ठेवता येणारी. ती लोकरीची होती, गांधीजींनी ती सुताची केली आणि रंग पांढरा ठरविला, कारण पांढऱ्यावर घाम दिसतो आणि दिसला की माणूस टोपी धुतो. गंमत अशी की उन्हासाठी खरी उत्तम टोपी त्यांच्या मते साहेबाची सोला हॅटच होती. पाणथळीत उगवणाऱ्या शोला वनस्पतीच्या भेंडाची ती टोपी हलकी, थंड, डोळे व मान झाकणारी. पण आपल्या पोशाखाशी तिचा मेळ बसेना. त्यांनी स्वतः ही पांढरी टोपी थोडीच वर्षे घातली. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुरा येथे पंचा स्वीकारला तेव्हा टोपीही सुटली. देशाने मात्र ती सोडली नाही. महाराष्ट्राच्या खेड्यांत ती आजही म्हाताऱ्यांच्या डोक्यावर दिसते.

बनारसी दुपल्ली टोपीवर गांधीजींनी केलेला आरोप उन्हाच्या दृष्टीने खरा आहे. मलमलीचे दोन तुकडे माथ्यावर जोडून शिवलेली ती टोपी ना कपाळ झाकते ना कान. तथापि तिचा खरा साथीदार गमछा आहे, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. बनारसचा मनुष्य समारंभाला टोपी घालतो आणि उन्हाला गमछा बांधतो. गमछ्याला नंबर नसतो. तो ज्याच्या डोक्यास गुंडाळावा त्याचा होतो. भिजवून पिळून बांधला तर पाणी उडता उडता डोके थंड ठेवतो. यात्रेकरूने टोपीच्या शोधात वेळ न दवडता चौकातून एक सुती गमछा घ्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

आपल्या पगडीचा व पागोट्याचा भेदही हाच. पागोटे रोज डोक्यावर बांधावयाचे, म्हणून ते आपोआप मापाचे. पगडी एकदा बांधून, टाके घालून पक्की केलेली, म्हणून पगडबंदाला गिऱ्हाइकाचे डोके नीट पाहावे लागे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, आणि पगडीचा डौल काशीकरांस नवा नाही. शिवलेल्या पगडीची कला तेथे अन्यत्रही जिवंत आहे. फाल्गुनातील रंगभरी एकादशीला बाबा विश्वनाथांसाठी जी पगडी जाते, ती लल्लापुरा मोहल्ल्यातील एक मुसलमान कारागीर कुटुंब परंपरेने तयार करते. त्याच मोहल्ल्यातील जरदोजीचे कारागीर परदेशांतील लष्करी गणवेशांसाठी व टोप्यांसाठी सोनेरी तारेची चिन्हेही भरतात.

घेर जुळूनही टोपी टोचते, अशी तक्रार काही जण करतात. तिचे कारण असे की डोके वर्तुळ नसून अंडाकृती असते, आणि कोणाचे लांबट तर कोणाचे गोलसर. लांबट डोक्यावर गोल टोपी कपाळाला रुतते आणि कानांपाशी फट ठेवते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या टोपीवाल्यांनी यासाठी एक यंत्रच काढले. ते मुकुटासारखे डोक्यावर ठेवीत. सभोवारच्या पट्ट्या डोक्याच्या आकाराप्रमाणे सरकत आणि वर ठेवलेल्या कागदावर त्या आकाराची लहान प्रत टोचली जाई. आपणांस इतक्या थाटाची गरज नाही. फट असेल तेथे आतल्या पट्टीखाली कागदाची घडी सरकवावी, म्हणजे काम भागते. घट्ट टोपीला मात्र उपाय नाही. ती घेऊच नये.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मातांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जन्माच्या वेळी बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३४ सेंटिमीटर असतो, वर्षाअखेर तो ४५-४६ वर जातो आणि दुसरे वर्ष संपताना ४७-४८ होतो. म्हणजे पहिल्या वर्षात ११-१२ सेंटिमीटर आणि दुसऱ्यात जेमतेम दोन! यामुळे तान्ह्या बाळासाठी कानटोपी एका वेळी एकच घ्यावी. हौसेने घेतलेल्या सहापैकी चार तशाच लहान होतात. आपली जुनी कुंची या दृष्टीने फार विचारपूर्वक बेतलेली आहे. तिला घेर आवळणारी पट्टी नाही, हनुवटीखाली बंद आहेत, आणि मान व पाठ झाकली जाते. डॉक्टर बाळाचे डोके दर खेपेस मोजतात ते टोपीसाठी नव्हे, मेंदूची वाढ योग्य गतीने होते की नाही हे पाहण्यासाठी. तो आकडा वजनाबरोबर लिहून ठेवावा. वाढ खुंटलेली किंवा एकाएकी फार झालेली दिसली तर वेळ न घालविता दाखवावे.

पाच वर्षांच्या मुलाचे डोके साधारण ५० सेंटिमीटरचे असते. हा आकडा सांगण्याचे कारण हेल्मेट. बनारसच्या गोदौलियात काय आणि पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर काय, दुचाकीवर आईवडिलांच्या मध्ये बसलेले मूल एक तर उघड्या डोक्याचे असते, नाही तर त्याच्या डोक्यावर वडिलांचे जुने हेल्मेट डुलत असते. नाकापेक्षा मोती जड! मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरील प्रत्येकास हेल्मेट सक्तीचे आहे, आणि २०२२ च्या नियमांनी नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांनाही त्यांच्या मापाचे हेल्मेट व सुरक्षापट्टा आवश्यक केला आहे. डुलणारे हेल्मेट आपटीच्या क्षणी डोक्यावर राहतच नाही.

तेव्हा घेताना मुलाला बरोबर न्यावे. हेल्मेटवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आहे ना, ते पाहावे आणि घेराचा आकडा फितीशी ताडावा. डोक्यावर चढविल्यावर ते गालांना घट्ट लागले पाहिजे, कारण आतील अस्तर वापराने दबते. पट्टा लावून मुलास मान हलविण्यास सांगावे. मान हलली आणि हेल्मेट जागीच राहिले तर ते मोठे आहे. मागून वर उचलून पुढे लोटून पाहावे. निसटत असेल तर परत करावे. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, तीन नव्हे. आणि दुकानदार म्हणेल, “घेऊन ठेवा, मूल वाढेल”, तर त्यास तितक्याच गोडीने सांगावे की आम्हांस ते आजच्या रस्त्यासाठी हवे आहे.