विश्लेषण : मुंबईच्या महापौरांच्या हातात नेमके काय असते?

२७ एप्रिल २०२० रोजी मुंबईच्या तत्कालीन महापौर किशोरी पेडणेकर परिचारिकेच्या गणवेशात नायर रुग्णालयात पोहोचल्या. राजकारणात येण्यापूर्वी त्या परिचारिका होत्या. करोना कक्षांत राबणाऱ्या परिचारिकांना धीर द्यायला त्या गेल्या होत्या. पण महापौर पदाचा अधिकार नेमका किती?

कारभार कोणाकडे?
मुंबई महापालिका १८८८च्या कायद्याने चालते. त्यानुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्तांना राज्य सरकार नेमते. मे २०२०मध्ये ऐन साथीत प्रवीण परदेशी यांच्या जागी इक्बालसिंह चहल आले, तो निर्णयही राज्याचाच होता. मोठ्या खर्चाला मंजुरी देते ती स्थायी समिती.

मग महापौर काय करतात?
नगरसेवक त्यांना अडीच वर्षांसाठी निवडतात. ते सभागृह चालवतात आणि तिथे प्रशासनाला जाब विचारला जातो. १९९८मध्ये महापौरांना कार्यकारी अधिकार देणारी 'मेयर इन कौन्सिल' पद्धत आणली गेली, पण वर्षभरातच गुंडाळली.

तुम्हाला फरक काय?
लोअर परळमधले गटार तुंबले, तर ते साफ करणारे वॉर्ड ऑफिस आयुक्तांच्या हाताखाली असते. ७ मार्च २०२२ रोजी पेडणेकरांसह सर्व नगरसेवकांची मुदत संपली. जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे राहिला. कामे सुरूच होती, पण त्यांचा हिशेब मागणारे सभागृह नव्हते. महापौरांची खुर्ची महत्त्वाची ठरते ती इथेच.