‘आय वर्क संडे’

नोव्हायला आलो तेव्हाची गोष्ट. हॉटेलच्या किचनमध्ये रविवारी जादा दहा तास राबलो. सोमवारी मॅनेजरला म्हटलं, ‘आय वर्क संडे.’ त्याला वाटलं, हा दर रविवारी यायला तयार आहे! ‘गुड, गुड’ म्हणत गेला. पैसे बुडाले. म्हणायचं होतं, ‘आय वर्क्ड लास्ट संडे.’

आपण मराठीत ‘आलोच’ म्हणतो नि पायात चपलाही नसतात. इंग्रजीत असं चालत नाही हो.

म्हणून भावांनो, ‘हॅव अ नाइस डे’ नंतर शिका, आधी भूतकाळ शिका: ‘आय वर्क्ड फिफ्टी अवर्स. यू पेड मी फॉर फॉर्टी.’ १९३८च्या फेडरल कायद्याने तासावर राबणाऱ्या बहुतेकांना आठवड्याला ४० तासांवरच्या कामाचा दीडपट दर मिळतो. दावा मात्र साधारण २ वर्षांच्या आत करायचा. तारीख, तास वहीत मराठीतच लिहून ठेवा. सरकारच्या वेज अँड अवर विभागात तक्रार फुकट होते, नाव गुप्त राहतं.

आणि एक. तासांची नोंद ठेवायची जबाबदारी कायद्याने मालकाची. माझं व्याकरण चुकलं म्हणून त्याने पैसे का ठेवावेत?