आधी प्रश्न मागवा, मग वक्ता ठरवा

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणी सदस्य,
मराठी विज्ञान परिषद, विज्ञान भवन, चुनाभट्टी, मुंबई



हे पत्र बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातून लिहितो आहे. शाळेत विज्ञान शिकवतो आणि गावातल्या वाचनालयाचं थोडंफार काम पाहतो. मागणं एकच : परिषदेनं आमच्या जिल्ह्यासाठी वेबिनारची एक मालिका घ्यावी. ती नेहमीच्या पद्धतीनं होऊ नये असं मात्र आम्हाला वाटतं. ती कशी व्हावी यावर इतर जिल्ह्यांतल्या मंडळींनाही बोलता यावं, म्हणून साधा अर्ज न करता उघड पत्र लिहितो आहे.

वेबिनार म्हटलं की २०२० साल आठवतं. टाळेबंदीत ‘एकदिवसीय राष्ट्रीय वेबिनार’चं पेव फुटलं होतं. दीपप्रज्वलनाचा जुनाच फोटो दाखवून उद्घाटन व्हायचं. मग प्रमुख पाहुण्यांचा परिचय, अध्यक्षांचा परिचय, ‘सर, आपला आवाज येत नाहीये’, आणि शेवटी गूगल फॉर्म भरला की ई-प्रमाणपत्र. व्याख्यान कुणी ऐकलं का, हे विचारायची पद्धतच नव्हती. परिचयाचंच घ्या : तुमच्याच परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती, कथेकडे कथा म्हणूनच पाहिलं जावं यासाठी. एवढा मोठा माणूस नाव लपवतो आणि आपल्याकडे परिचयातच पंधरा मिनिटं जातात! म्हणून पहिली विनंती : परिचय दोन वाक्यांत आटोपावा आणि प्रमाणपत्र कुणालाच देऊ नये. ज्याला फक्त कागद हवा आहे तो आपोआप गळेल.

दुसरी विनंती खरी महत्त्वाची. त्यासाठी सत्तर वर्षं मागं जावं लागेल. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग केला. मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांत मंडळं स्थापन झाली. प्रत्येक मंडळात वीसेक माणसं. अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. माणसं एकत्र बसून ऐकायची, मग त्यावर बोलायची आणि अडलेलं पुण्याला कळवायची. टाटा समाजविज्ञान संस्थेनं या प्रयोगाची तपासणी केली. ज्या गावात रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, त्यापेक्षा मंडळ असलेल्या गावात लोकांच्या माहितीत कितीतरी जास्त भर पडलेली दिसली. रेडिओ दोन्हीकडे होता. फरक पडला तो एकत्र ऐकण्याचा आणि नंतरच्या बोलण्याचा.

त्या पाच जिल्ह्यांत शेजारचा नगर होता, बीड नव्हता. आम्ही तेव्हा हैदराबाद राज्यात होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, तोवर प्रयोग आटोपलेला होता. तो राहिलेला प्रयोग आता बीडमध्ये व्हावा, रेडिओच्या जागी पडदा आणि इंटरनेट घेऊन, असं आम्हाला वाटतं.

म्हणजे पाचशे मोबाइलवर पाचशे लिंका नकोत. जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात एक केंद्र असावं : कुठं शाळा, कुठं वाचनालय, कुठं ग्रामपंचायतीचं सभागृह. एक प्रोजेक्टर, एक बरा स्पीकर, एक लिंक आणि तिथं बसलेली तीस-चाळीस माणसं. वक्ता अर्धा तास बोलेल. मग लिंक बंद न करता आवाज बंद करायचा आणि लोकांना वीस मिनिटं आपापसांत बोलू द्यायचं. त्यानंतर प्रश्न. आमच्याकडचा माणूस वक्त्यासमोर एकटा उभा राहून प्रश्न विचारत नाही. शेजाऱ्याशी बोलताना मात्र त्याला नेमकं काय विचारायचं ते सुचतं.

विषयाचंही तसंच. आधी वक्ता मिळतो, मग त्याच्या सोयीचा विषय ठरतो, अशी आपल्याकडची रीत. ती उलटी करू. प्रश्न आधी आमच्याकडून मागवा, लेखी जमत नसतील तर व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवलेले घ्या, आणि ते वाचून-ऐकून माणूस शोधा.

एक उदाहरण देतो. आमच्या भागात बोअर घ्यायचा ठरला की आधी पाणाड्या येतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून फिरतो. नारळ उभा राहिला की तिथं चुन्यानं खूण करायची. कुणी कडुनिंबाची बेचकी धरून चालतो. मग बोअरची गाडी येते. फुटावर दर, केसिंगचा हिशोब वेगळा. तीनशे फुटांवर नुसता कोरडा धुरळा उडत असतो आणि गाडीवाला म्हणतो, ‘आता आलोच आहोत तर अजून शंभर जाऊ.’ शेतकरी हो म्हणतो, कारण तिथवरचे पैसे तर गेलेलेच असतात. सहाशे-सातशे फुटांवर गाडी निघून जाते आणि मागं कर्ज राहतं.

आमच्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर आहेत. या काळ्या पाषाणात पाणी साठतं ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या पोकळ जागेत. खोल जावं तसा खडक बहुधा घट्ट होत जातो. म्हणून ‘अजून शंभर’ हा सल्ला बहुतेक वेळा तोट्याचाच ठरतो. पाणाड्याला अधूनमधून यश येतं, कारण वरच्या थरात पाणी बऱ्याच जागी असतंच. त्याचे कोरडे बोअर कुणी मोजत नाही. हे सगळं मी वर्गात सांगतो, पण पोरांचा बाप वर्गात नसतो. परिषदेनं ‘भूजल व्यवस्थापन : आव्हाने आणि संधी’ अशी जाहिरात केली तर केंद्रावर मी आणि शिपाई असे दोघंच असू. ‘शेजाऱ्याच्या बोअरला पाणी, वीस पावलांवर माझा कोरडा का?’ असा विषय ठेवा, लोक खाली सतरंजीवर बसतील. त्या दिवशी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा भूवैज्ञानिक बोलावा. जमल्यास पाणाड्यालाही आम्ही केंद्रावर आणू. त्याची टिंगल करायची नाही, एवढं वक्त्याला आधी सांगून ठेवा. टिंगल झाली की गाव पाणाड्याच्या बाजूनं उभं राहतं.

असे प्रश्न पुष्कळ आहेत. २०२२ च्या जुलैत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त केली. कुणी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधावर टाकली, कुणी मीठ फेकलं. पण एकाएकी एवढ्या गोगलगायी आल्या कुठून, याचं उत्तर आजही चावडीवर निघत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ ते देऊ शकतील. पडणाऱ्या विजेचंही तसंच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ हे ॲप काढलं आहे, पण विजा कडाडू लागल्या की माणूस आजही झाडाखालीच पळतो.

एक वेबिनार मात्र वेगळ्या रीतीनं घ्यावा लागेल. २०१९ साली ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांमुळे बीडचं नाव देशभर गेलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणातल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यामागं आगाऊ घेतलेली उचल, खाड्याचा दंड, डॉक्टरांचा लोभ असं बरंच काही आहे आणि ते सगळं वेबिनारनं सुटणार नाही. पण अंगावरून पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि पिशवी काढल्यावर शरीरात काय बदलतं, हे त्या बायांना कुणीतरी शांतपणे सांगायला हवं. वक्ता बाईच हवी, केंद्रावर पुरुष नकोत, रेकॉर्डिंग करू नये. आणि हा वेबिनार दसऱ्याच्या आधी व्हावा. त्यानंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात. गाव गुढीपाडव्याच्या सुमारास परत भरतं.

वेळेचं एवढ्यासाठीच सांगतो आहे. मुंबईला रविवार सकाळ सोयीची असते. आमच्याकडे रात्री आठ बरे : डेअरीला दूध घालून झालेलं असतं. रब्बीत मात्र शेतीची थ्री फेज लाइट रात्रीची असेल, तर त्या आठवड्यात कुणी येणार नाही. सगळे पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला रानात असतात. तारीख ठरवण्याआधी एक फोन केलात तरी पुरे.

यूट्यूबवर सगळं असताना वेबिनार कशाला, असं कुणी विचारेल. यूट्यूबवर नारळानं पाणी शोधायचे व्हिडिओही आहेत आणि तेच जास्त पाहिले जातात. शिवाय व्हिडिओला उलटा प्रश्न विचारता येत नाही. मग वक्ताच बीडला का आणू नये? आणावाच. पण मुंबई इथून चारशे किलोमीटर. बीड शहराला रेल्वे मिळाली तीच १७ सप्टेंबर २०२५ ला, आणि तीही अहिल्यानगरपर्यंत नेते. तासाभराच्या व्याख्यानासाठी शास्त्रज्ञाचे दोन दिवस मोडतात. वर्षातून एकदा यावं. बाकीच्या वेळी पडद्यावर भेटावं.

खर्च फार नाही. केंद्र, वीज, माणसं जमवणं, चहा हे आमच्याकडे. वक्ता, संचालन आणि नंतर प्रश्नोत्तरांचा मजकूर करून तुमच्या मासिक पत्रिकेत छापणं हे तुमच्याकडे. त्यात प्रश्न विचारणाऱ्याच्या गावाचं नाव तेवढं घाला. पहिल्या वर्षी सहा वेबिनार पुरेत. दोन फसले तर फसले म्हणून छापा.

परिषद २४ एप्रिल १९६६ ला स्थापन झाली, म्हणजे तुमचीही साठी आली. साठीनिमित्त संमेलनं होतील, सत्कार होतील, स्मरणिका निघेल. त्यातला थोडा वेळ आम्हाला द्या. बोअरविषयीचे प्रश्न आम्ही मे अखेरपर्यंत गोळा करून पाठवतो. मृगाच्या आधीची एक तारीख आणि भूवैज्ञानिकाचं नाव तेवढं कळवा.

आपला,
केज तालुक्यातला एक विज्ञान शिक्षक,
जि. बीड