फसफसणारी गोळी

पॅरासिटामॉलची विषबाधा उतरवणारे आणि छातीतला कफ पातळ करणारे एन-अॅसिटिलसिस्टीन हे जुने औषध. 2012मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ते 3 ते 12 वर्षांच्या 33 स्वमग्न मुलांवर 12 आठवडे तपासले. डोस 900 मिलिग्रॅमपासून वाढवत रोज 2,700पर्यंत नेला आणि बनावट गोळीच्या गटापेक्षा खऱ्या गोळीच्या गटात चिडचिड अधिक घटली. शरीरातले ग्लुटाथिओन वाढवून आणि मेंदूतल्या ग्लुटामेटचा तोल सावरून हे घडत असावे, हा तर्क पटण्याजोगा आहे. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. ऑस्ट्रेलियात 98 स्वमग्न मुलांवर सहा महिने हेच औषध तपासले, तेव्हा बनावट गोळीच्या तुलनेत काहीच फरक दिसला नाही. तिथला डोस रोज 500 मिलिग्रॅमच होता, हा आक्षेप रास्त. मात्र त्यातून मोठ्या डोसची नवी, मोठी चाचणी हवी एवढेच निघते. दुकानातून डबा आणावा असे नाही.

'साधे पूरकच तर आहे, बिघडणार काय?' असे विचारले जाते. अशा चिडचिडीवर दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोन या औषधाने वजन वाढते, मूल सुस्तावते. तेव्हा आईवडिलांनी सौम्य पर्याय शोधणे स्वाभाविकच. पण पाण्यात फसफसणाऱ्या, सडक्या अंड्याच्या वासाच्या या गोळीने मळमळ होऊ शकते, आणि दम्याच्या मुलांबाबत सावधगिरी लागते. शिवाय बोलता न येणाऱ्या मुलाच्या चिडचिडीमागे कधी किडका दात असतो, कधी बद्धकोष्ठ. दात आधी पाहावा.